नवी वही व जुनी बाकी

दिवाळी आतां चार दिवसांवर आली आहे. आमच्या भुसावळच्या बाजारपेठेंत दुकानांची रंगरंगोटी झाली. पुष्य नक्षत्राचा मुहूर्त साधून कित्येकांनीं तांबड्या कापडाच्या वह्याहि आणून ठेवल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं या वह्यांच्या पहिल्या पानावर स्वस्तिक निघेल, 'श्री' लिहिली जाईल, 'शुभ लाभ' हीं अक्षरें उमटतील आणि दुसरे दिवशीं पाडव्यास एकमेकांस नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या जातील. हा सोहळा सुंदर आहे व तो चालावा अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्या वहीचें पुढें काय होतें, हें विचारणें प्राप्त आहे. पुष्कळ दुकानांत ती वही पहिल्या पानावरच संपते. दुसरें पान कोरें राहतें, वही कपाटांत जाते, आणि खरा हिशेब संगणकांत, मोबाईलांत व करसल्लागाराच्या कचेरींत दुसऱ्याच वर्षाच्या मापानें चालतो.

व्यापाऱ्याचें वर्ष कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. चैत्रांत गुढी उभारतों तें शालिवाहन शकाचें वर्ष. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस सुरू होतें तें पेढ्यांच्या वहीखात्याचें. सरकारचें वर्ष 1867 पासून 1 एप्रिलला सुरू होतें, आणि भिंतीवरचें कॅलेंडर 1 जानेवारीस बदलतें. पूर्वी दिवाळीचें वर्ष धरून प्राप्तिकराचा हिशेब देण्याची मुभा व्यापाऱ्यास होती. 1989 पासून 31 मार्चला संपणारें वर्ष सर्वांस सक्तीचें झालें, आणि तेव्हांपासून दिवाळीच्या वहीची पूजा राहिली, पण तिच्यांतला हिशेब गेला. अशीं चार नवीं वर्षें आम्हांस लाभलीं आहेत. चारहि वेळां शुभेच्छा होतात, चारहि वेळां संकल्प सुटतात; पण सरलेल्या वर्षाचा झाडा एकदांहि घेतला जात नाहीं. मार्चअखेर जी धांवपळ उडते ती सरकारास काय दाखवावयाचें याची असते. आपण स्वतः काय पाहावयाचें याची नसते. आमचें आजचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जुनी वही वाचल्याशिवाय केलेला नवा संकल्प हा बिनतारणाच्या कर्जासारखा आहे. देतांना दोघांसहि बरें वाटतें. वसूल मात्र कांहीं होत नाहीं.

याचें जिवंत उदाहरण आमच्याच गांवांत आहे. भुसावळ हें गांव रेल्वेनें वाढविलें आणि रेल्वेच्या पगारावर व प्रवाशांवर येथील निम्मी पेठ जगते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. 22 मार्च 2020 पासून महामारीमुळें देशांतील प्रवासी गाड्या थांबल्या. ज्या जंक्शनांत रात्रीं दोन वाजतांहि चहाचा कप मिळे तेथें दिवसां शुकशुकाट झाला. हॉटेलवाले, रिक्षावाले, फळवाले, लॉजवाले व त्यांस माल पुरविणारे किराणा व्यापारी या सर्वांस एकाच दिवशीं कळून चुकलें कीं, आपल्या सर्वांच्या गल्ल्याची किल्ली एकाच ठिकाणीं आहे. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच निश्चय ऐकूं येत असे: यापुढें तीन महिन्यांचा खर्च बाजूस ठेवल्याशिवाय राहणार नाहीं, एकाच गिऱ्हाइकावर विसंबणार नाहीं, उधारीचा व्यवहार आटोक्यांत ठेवीन. निश्चय शहाणपणाचा होता. तो खोटाहि नव्हता. पण गाड्या सुरू झाल्या, फलाट भरले, आणि तो निश्चय ज्या वहीवर उतरावयास हवा होता त्या वहीवर तो उतरलाच नाहीं. भीतीच्या पोटीं जन्मलेला संकल्प भीतीबरोबरच मरतो. आज आमच्या वाचकांपैकीं किती जणांजवळ तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळी काढलेली आहे, हें त्यांनीं आपापल्या मनाशीं मोजावें. आम्हांस उत्तर कळविण्याची गरज नाहीं.

हा स्वभाव आजचा नव्हे. खानदेशास त्याचा पहिला मोठा धडा दीडशें वर्षांपूर्वींच मिळाला. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीतील कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग खानदेशांत आला होता. जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. मुंबईंत तर शेअरांचें वेड असें लागलें कीं, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे कागद लोक डोळे झांकून घेऊं लागले. 1865 च्या एप्रिलांत युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, 1 जुलैच्या वायद्यांची मुदत भरतांच मुंबईच्या पेढ्या धडाधड बसल्या, आणि पुढें बँक ऑफ बाँबेसुद्धां बुडाली. जळगांवच्या पेठेस या पडझडीचा मोठा फटका बसला, याची नोंद 1880 च्या खानदेश गॅझेटिअरांत आहे. यांत दैवाचा भाग होता, हें कोण नाकारील? युद्ध सुरू करणें किंवा थांबविणें आमच्या सावकाराच्या हातीं नव्हतें. पण युद्ध कधीं तरी संपणारच, हें तर ठाऊक असावयास हवें होतें! चार वर्षांचा भाव हाच कायमचा भाव समजून ज्यांनीं कर्जें दिलीं व ज्यांनीं घेतलीं, त्या दोघांचीहि चूक एकच होती. तेजीच्या वर्षाची वही त्यांनीं वाचली ती आरशासारखी. त्यांत आपलेंच कर्तृत्व पाहिलें. भावाचें देणें भावास दिलें नाहीं. नफा झाला तर तो माझ्या हुशारीनें व तोटा झाला तर तो बाजारानें, असा जमाखर्च जो लिहितो त्याला पन्नास नव्या वह्या आणून दिल्या तरी उपयोग नाहीं.

याच्या उलट उदाहरण हवें असेल तर तेंहि याच जिल्ह्यांत सांपडतें. जामनेर तालुक्यांतील वाकोदचे भवरलाल जैन (1937–2016) हे कायद्याचे पदवीधर. 1963 सालीं सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून त्यांनीं व्यापार आरंभिला. 1978 सालीं केळ्यांच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन तेथें त्यांनीं पपईच्या चिकापासून पपेन काढण्याचा उद्योग उभा केला. पुढें पाइप व ठिबक सिंचन यांत त्यांच्या जैन इरिगेशन कंपनीनें जें नांव मिळविलें तें सर्वश्रुत आहे. नव्वदीच्या दशकांत मात्र ही कंपनी वित्तव्यवहार, संगणक, ग्रॅनाइट अशा आपल्या अनुभवाबाहेरच्या धंद्यांत शिरली व पोळली. त्या वेळीं जैनांनीं भागधारकांपुढें उघडपणें सांगितलें कीं, हा निर्णय चुकला. बाजारावर, सरकारवर, नोकरांवर खापर फोडलें नाहीं. नको ते धंदे सोडले आणि पाणी व शेती या ज्ञात वाटेवर कंपनी परत आणली. आमच्या व्यापारी समाजांत तोटा लपविणें ही अब्रू समजली जाते. पेढी बुडण्याच्या आदल्या दिवशींहि मुलीचें लग्न थाटांत करून दाखविणारीं घराणीं आम्हीं पाहिलीं आहेत. अशा समाजांत एका मोठ्या कारखानदारानें चारचौघांत चूक कबूल करावी, हें कारखाना काढण्यापेक्षां कठीण काम होतें असें आमचें मत आहे.

धंदा बदलणें म्हणजेच चूक, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. अंमळनेरास 1945 च्या डिसेंबरांत वनस्पति तुपासाठीं स्थापन झालेली कंपनी पुढें संगणकाच्या धंद्यांत शिरून 'विप्रो' या नांवानें जगभर गेली. दोघांनींहि नवें क्षेत्र धरलें. एकास फळलें, दुसऱ्यास नडलें. म्हणून 'नवें कांहीं करीन' हा संकल्पहि पुरेसा नाहीं व 'जुनेंच धरून राहीन' हाहि नाहीं. आपली वही काय सांगते हें आधीं पाहिलें पाहिजे. आणि एकदां पाहून भागत नाहीं. त्याच जैन इरिगेशनला, संस्थापकांच्या निधनानंतर, 2019 सालीं कर्जाच्या ओझ्यानें पुन्हा घेरलें व 2022 सालीं कर्जाची नवी घडी बसवावी लागली. बापाची कबुली मुलाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाहीं. ज्यानें त्यानें, ज्या त्या वर्षीं, आपला झाडा घ्यावा लागतो.

आतां हा झाडा घ्यावा कसा? येथें आम्ही भुसावळकरांस त्यांच्या ओळखीचीच गोष्ट दाखवितों. गंभीर रेल्वे अपघात झाला म्हणजे चौकशी कोण करतो? रेल्वे सुरक्षा आयुक्त. आणि हा आयुक्त रेल्वे खात्याच्या हाताखालीं नाहीं. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालीं आहे. ज्याच्या हातून गाडी घसरली त्यानेंच घसरण्याचें कारण ठरवूं नये, एवढें तत्त्व त्यांत आहे. मग दुकानाची गाडी घसरली असतां चौकशी मालकानेंच, तीहि गादीवर लोळत, मनांतल्या मनांत कां करावी? वर्षांतून एकदां आपली वही एखाद्या परक्या पण हितेच्छु माणसापुढें ठेवावी. करसल्लागार हा तो माणूस असेलच असें नाहीं. त्याला कर कमी भरावयाचा असतो, व तुम्हांस सत्य हवें असतें. दुसऱ्या धंद्यांतला मित्र, निवृत्त हिशेबनीस, किंवा थोडा फटकळ स्वभावाचा मेहुणाहि चालेल. वर्षांत तीन मोठे निर्णय कोणते घेतले, त्या वेळीं काय अपेक्षा होती आणि प्रत्यक्ष काय झालें, एवढेंच त्यानें विचारावें व तुम्हीं उत्तर लिहून द्यावें. बोलून नव्हे, लिहून. बोललेली चूक संध्याकाळपर्यंत दुसऱ्याची होते.

या झाड्यांत पहिली येते ती उधारी, आणि तिच्याविषयीं थोडें विस्तारानेंच लिहिणें आम्हांस भाग आहे. कारण दिवाणी कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्हांस जे व्यापारी भेटतात त्यांतील अर्धे फार उशिरां आलेले असतात. आमच्या गांवांत उचापत ही जुनी रीत आहे. पगार झाला कीं द्यावयाचें, राहिलें तें पुढच्या पगारावर. बाकी एका पानावरून दुसऱ्या पानावर, एका वहींतून दुसऱ्या वहींत ओढली जाते, आणि ओढतां ओढतां ती येणें नसून नुसती आठवण होऊन बसते. दुकानदार मात्र तो आकडा मालमत्तेंत धरून स्वतःला श्रीमंत समजत राहतो. 1963 चा मुदतीचा कायदा याविषयीं स्पष्ट आहे. विकलेल्या मालाच्या किंमतीचा दावा, उधारीची मुदत ठरलेली नसेल तर, माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आंत लावला पाहिजे. ही मुदत संपण्यापूर्वीं गिऱ्हाइकानें देणें कबूल असल्याचें लिहून सही दिली तर त्या दिवसापासून नवी मुदत मिळते. मुदत उलटल्यावर घेतलेल्या नुसत्या कबुलीनें मुदत वाढत नाहीं. 'तो माणूस नाहीं म्हणत नाहीं हो, वकीलसाहेब!' असें सांगणारे आमच्याकडे पुष्कळ येतात. नाहीं म्हणत नाहीं हें खरें. पण सही कोठें आहे?

दुसरा समज असा कीं, वहींत लिहिलें आहे म्हणजे झालें. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याच्या 34 व्या कलमांत, व 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि, नियम हाच आहे कीं, धंद्याच्या ओघांत नियमितपणें ठेवलेल्या हिशेबांतील नोंद पुराव्यांत येते, परंतु केवळ त्या नोंदीच्या बळावर कोणावर देणें लादतां येत नाहीं. हिशेब संगणकावर असला म्हणून नियम बदलत नाहीं. पावती पाहिजे, मालाची पोंच पाहिजे, सही पाहिजे.

उधारी अजिबात बंद करा, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. तो करणाऱ्यानें कधीं किराणा दुकान चालविलेलें नसतें. पगारदाराची बायको आजारी असतां त्याला 'रोख असेल तर ये' म्हणणारा दुकानदार गांवांत टिकत नाहीं, व टिकूंहि नये. पण उधारी ही दोघांस वाचतां आली पाहिजे. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथून जो शेतकऱ्यांचा दंगा उठला त्यांत लोकांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, तें कां? आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें व सावकार सांगत नव्हता, हें त्याचें एक मोठें कारण. पुढें 1879 च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. कायद्याचा तो काळ गेला, पण ती रीत सावकारासहि हितकारक आहे. दिवाळीच्या पंधरवड्यांत प्रत्येक उचापतदारास त्याच्या खात्याचा उतारा द्यावा, बाकी मान्य असल्यास त्यावर तारखेसह सही घ्यावी व एक प्रत त्याला द्यावी. प्रामाणिक गिऱ्हाइकास यांत अपमान वाटत नाहीं. ज्याला वाटतो त्याचें नांव या निमित्तानें कळतें, हाहि लाभच आहे.

दुसरी बाब घर आणि दुकान यांच्या एकाच थैलीची. सकाळीं गल्ल्यांतून भाजीला पैसे, दुपारीं शाळेची फी, संध्याकाळीं व्याह्यांचा आहेर. वर्षअखेर धंद्यांत नफा कीं तोटा, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. उपाय जुना व सोपा आहे: मालकानें स्वतःस महिन्याचा पगार ठरवावा व घर त्यांत चालवावें. हें आम्ही थोडक्यांतच सांगतों. कारण सर्वांस तें ठाऊक आहे व कोणीहि करीत नाहीं.

तिसरी गोष्ट मात्र कोणी बोलत नाहीं म्हणून आम्ही बोलतों. लक्ष्मीपूजनास घरची लक्ष्मी आरतीचें तबक धरून उभी असते. त्या वहींत काय आहे हें तिला माहीत नसतें. कर्जाच्या कागदांवर तिच्या सह्या असतात, घर तिच्या नांवावर असतें, पण कोणाचें येणें, कोणाचें देणें, विम्याचा कागद कोठें आहे, हें तिला प्रथम कळतें तें पतीच्या दहाव्या दिवशीं. आणि सांगणारे असतात ते बहुधा घेणेकरी. महामारीच्या दोन वर्षांत असे प्रसंग किती घरांवर आले हें वाचकांनीं पाहिलें आहे. स्त्रियांस व्यवहार कळत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आपल्या गल्लींतील बचत गटाची वही एकवार मागून पाहावी. दर बैठकीस तींत जमा, कर्ज व व्याज यांची नोंद होते, आणि ती सर्वांसमोर वाचली जाते. आपल्या पेढीची वही कधीं सर्वांसमोर वाचली गेली होती? यंदा पूजेनंतर अर्धा तास पत्नी व मोठीं मुलें, मुलीहि, यांस घेऊन बसावें व येणें-देणें सांगावें. भागीदारी असेल तर तिचा लेख आहे कीं नाहीं व ती नोंदलेली आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. 1932 च्या भागीदारीच्या कायद्याच्या 69 व्या कलमाप्रमाणें न नोंदलेल्या पेढीस करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावतां येत नाहीं. भाऊभाऊ आहोंत, लेख कशाला, असें म्हणणारे भाऊच पुढें समोरासमोरचे वकील देतात.

यावर कांहीं वडीलधारे म्हणतील कीं, सणाच्या दिवशीं बुडालेल्या पैशाचें नांव काढणें अशुभ आहे. या समजुतीस आम्ही नम्रपणें पण निक्षून विरोध करतों. घराची झाडलोट आपण दिवाळीपूर्वीं करतों, ती घरांत केर आहे हें अशुभ कबूल करूनच ना? ज्या केरसुणीनें केर काढतों तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतों. मग वहींतला केर काढण्यासच काय आड येतें? ज्यांस पूजेचा दिवस नको असेल त्यांनीं दसरा ते दिवाळी हे वीस दिवस यापुढें या कामास द्यावे. यंदा ते गेले, तरी चार दिवस हातांत आहेत.

मग नव्या वर्षाचे संकल्प? ते थोडे असावे आणि आंकड्यांत असावे. 'उधारी कमी करीन' हा संकल्प नव्हे; 'आज इतकी आहे, चैत्राच्या पाडव्यास इतकी करीन' हा संकल्प. 'काटकसर करीन' याला अर्थ नाहीं. दरमहा अमुक रक्कम अमुक खात्यांत, व त्या खात्याची किल्ली पत्नीकडे, याला अर्थ आहे. सर्व माल एकाच गिऱ्हाइकास जात असेल तर वर्षांत दुसरे दोन शोधीन, असें लिहावें. प्रकृतीचाहि एक संकल्प असूं द्यावा. चौदा तास गादीवर बसून साखर वाढविणाऱ्या शेटजींस हें सांगावयास डॉक्टर कशाला पाहिजे? आणि हे संकल्प त्या कोऱ्या राहणाऱ्या दुसऱ्या पानावर लिहावे. त्या पानाचा तोच उपयोग. चार नवीं वर्षें आपणांस आहेत तर त्यांचा असा फायदा घ्यावा: दिवाळीस लिहावें, जानेवारींत पाहावें, मार्चअखेर मोजावें, गुढीपाडव्यास दुरुस्त करावें.

आजच्यापुरतें तांतडीचें काम एक आहे. ज्यांच्या वहींत तीन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत उधार दिलेल्या मालाची बाकी अजून उभी आहे, त्यांची मुदत याच आठवड्यांत भरत आहे. त्यांनीं नव्या वहीस हळदकुंकू लावण्यापूर्वीं जुनी वही उघडून त्या मालाच्या तारखा पाहाव्या, आणि गिऱ्हाइकाची सही मिळण्यासारखी असेल तर फराळाचें ताट घेऊन आजच त्याच्या घरीं जावें. कोर्टास दिवाळीची सुटी लागते. तिच्यांत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशीं दावा दाखल करतां येतो, पण सहीसाठीं गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्यास ती सवलत नाहीं.